विश्लेषण : पहिला सेट २-६ गमावला, तरी सुवर्ण! टेनिसपटू डोकं शांत कसं ठेवतात?

३० सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊत आशियाई क्रीडा स्पर्धेच्या मिश्र दुहेरीची अंतिम लढत सुरू होती. ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गमावला. तरीही सामना २-६, ६-३, १०-४ असा जिंकून त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. ऋतुजा मूळची श्रीरामपूरची, म्हणजे आमच्या सायखेड्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातली.

याच स्पर्धेत काही दिवस आधी बोपण्णा पुरुष दुहेरीत युकी भांबरीसोबत सुपर टायब्रेक हरून बाहेर पडला होता. अंतिम फेरीत पुन्हा सुपर टायब्रेकच समोर आला. इथे आधी १० गुण मिळवणारी जोडी जिंकते, फक्त आघाडी किमान दोन गुणांची हवी. दोन-तीन चुका झाल्या की परतायला वेळ उरत नाही.

मग अशा वेळी डोकं शांत राहतं कसं? स्वभावाने थंड असलेल्यांनाच ते जमतं, असं आपण धरून चालतो. पण नोवाक जोकोविचनेच सांगितलंय की मनाची ताकद ही जन्मजात देणगी नाही, ती मेहनतीने येते.

दडपणात नेमकं काय होतं?

मन घाबरतं, पण बिघाड दिसतो तो हातात. रॅकेटवरची पकड घट्ट होते, खांदे आखडतात, श्वास वरच्या वर होतो. हात मोकळा फिरत नाही, चेंडू जाळ्यात जातो किंवा अर्ध्या कोर्टात पडतो. दुसऱ्या सर्व्हिसला तर हमखास डबल फॉल्ट. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत येणारं उत्तरही घशात अडकायचं, तसंच हे.

खरी लढाई २५ सेकंदांची

टेनिसच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो फार थोडा वेळ. बाकी वेळ चालण्यात, घाम पुसण्यात, जागा बदलण्यात जातो. नियमानुसार दोन पॉइंटमध्ये कमाल २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर १२० सेकंद. रिकामं डोकं याच वेळात मागच्या चुकीकडे धावतं.

अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी अव्वल खेळाडूंचा हाच मधला वेळ तपासला. त्यातून त्यांनी चार टप्पे मांडले. पॉइंट गेला तरी देहबोली पडू द्यायची नाही. मग श्वास सोडत शरीर सैल करायचं. मग पुढचा पॉइंट कसा खेळायचा ते ठरवायचं. शेवटी आपली ठरलेली सवय, म्हणजे चेंडू तेवढ्याच वेळा टप्पे देणं किंवा रॅकेटच्या तारा नीट करणं. राफेल नदालच्या बाटल्या आणि टॉवेलवर विनोद खूप झाले, पण त्या सवयींमुळे डोक्याला भरकटायला जागाच उरत नसे. श्वासाचं गणितही सरळ आहे. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके मंदावतात.

गेलेला पॉइंट एवढा महाग नसतो

रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात एक आकडा सांगितला. एकेरीचे १,५२६ सामने खेळून त्याने जवळपास ८० टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. मला हे पटेना, म्हणून हिशेब करून पाहिला. सर्व्हिसचा फरक बाजूला ठेवून प्रत्येक पॉइंट जिंकण्याची शक्यता ५४ टक्के धरली, तर गेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के होते आणि सेटची ७५ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे एवढा मोठा खेळाडूही शंभरातले ४६ पॉइंट गमावतो. त्या प्रत्येकावर रॅकेट आपटायची ठरवली तर दुकानच उघडावं लागेल.

आपल्या मुलांचं काय?

सायखेडा, चांदोरीसारख्या गावांतून मुलांना नाशिकच्या कोर्टवर नेणाऱ्या पालकांपुढे वेगळाच प्रश्न असतो. ज्युनिअर स्पर्धांमध्ये बऱ्याच सामन्यांना खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे बारा वर्षांच्या मुलानेच सांगायचं. शंका असेल तर चेंडू आत धरायचा, हा नियम. समोरचा सारखा चुकीचं ‘आउट’ देत असेल तर वाद न घालता फिरत्या पंचाला बोलवायचं. हे घरून निघण्यापूर्वीच सांगितलेलं असेल तर मूल कोर्टवर रडकुंडीला येत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत कोर्टबाहेरून प्रशिक्षकाने सूचना देण्याची सोय झाली आहे, मात्र त्या त्या स्पर्धेने परवानगी दिली तरच. माझ्या मते मोठ्यांना याचा फायदा होईल, लहानांचं जरा अवघडच. प्रत्येक चुकीनंतर कुंपणाकडे बघणाऱ्या मुलाचे २५ सेकंद तिथेच संपतात, आणि कुंपणापलीकडे कपाळावर हात मारणारे बाबा दिसले तर पुढचा पॉइंटही गेलाच म्हणून समजा.