गाणाऱ्याची बिदागी

या स्तंभासाठी टिपणवही उघडली तेव्हा ध्यानात आले, की गेल्या दोन महिन्यांत दोन चित्रपट पाहिले, तीन ध्वनिमुद्रणे ऐकली, आणि या सर्वांतून एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत समोर येत राहिला : गाणाऱ्याचा संसार कोण चालवितो? उभे आयुष्य बँकेत जमा-नावे पाहण्यात गेलेल्या माणसाला प्रथम हाच प्रश्न सुचावा, यात नवल नाही. दोन्ही चित्रपट नवे नव्हेत. नवे चित्रपट आमच्या घरी नातवंडे पाहतात; मी मात्र गाजावाजा ओसरल्यावर, घरी बसून, थांबत थांबत पाहतो. चंद्रपूरच्या पावसाने यंदा त्यासाठी भरपूर सवड दिली.

पहिला चित्रपट ‘मी वसंतराव’. २०२२ साली प्रदर्शित झालेला, निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेला, जवळजवळ तीन तासांचा. पं. वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीच केली आहे, संगीतही त्यांचेच. वसंतराव आपल्या विदर्भाचे. जन्म मूर्तिजापूरचा, १९२० चा. बालपण व पहिले शिक्षण नागपूरचे. एकट्या आईने वाढविलेला हा मुलगा पुढे पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला आणि ऐन उमेदीची वर्षे त्याने त्या टेबलावर काढली. दिवसा आकडे, रात्री गाणे. त्यांच्या गाण्यावर जीव टाकणारी मित्रमंडळी भोवती होती, पु. ल. देशपांडे त्यांत अग्रभागी. तरी नोकरी सोडण्याचा निर्णय चाळिशी उलटेपर्यंत झाला नाही.

चित्रपट पाहून अनेकांची प्रतिक्रिया ‘केवढा कलावंत कारकुनीत कुजला’ अशी होते. मला ती पटत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेस येणारा पगार ज्यांनी तुच्छ लेखला, त्यांनी बहुधा तो कधी चुकलेला पाहिलेला नसावा. घरात वृद्ध आई, बायको, मुले. आणि ज्या प्रकारचे गाणे वसंतरावांना गायचे होते ते कोणत्याच घराण्याच्या चौकटीत नीट बसत नव्हते. ते गाणे न बदलता इतकी वर्षे जपता आले, त्यात त्या पगाराचा वाटा आहेच. कोणाच्या मर्जीखातर गावे लागले नाही. चित्रपट ही बाजू ओझरती दाखवितो. त्याचा कल उपेक्षेच्या दुःखाकडे अधिक आहे. मध्यंतरानंतर तो थोडा रेंगाळतो, हेही नमूद करावयास हवे. मात्र आईचे काम करणाऱ्या अनिता दाते यांनी शब्द कमी वापरून जे उभे केले आहे, त्यासाठी तरी तो घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा.

चित्रपट संपल्यावर मूळ वसंतरावांकडे वळणे भागच होते. त्यांच्या मारव्याचे ध्वनिमुद्रण तीन संध्याकाळी लागोपाठ ऐकले. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे ते शिकावयास गेले असता उस्तादांनी महिनोनमहिने केवळ मारवाच शिकविला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मारवा हा दिवेलागणीचा राग. त्यात पंचम नाही, आणि षड्जावर गायक सहसा विसावत नाही. ऐकणाऱ्याला सतत वाटते की आता घर येईल, आणि घर येत नाही. वसंतराव ती हुरहूर आळवीत बसत नाहीत. वेगाने, काहीसे बेफिकीरपणे, तिच्या अंगावर धावून जातात. पहिल्या दिवशी मला ते आक्रमक वाटले. तिसऱ्या दिवशी कळले, की ही बेफिकिरी कमाईची आहे.

दुसरे ध्वनिमुद्रण ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील पदांचे, आणि तिसरे त्याच नाटकावरील २०१५ च्या चित्रपटाच्या अल्बमचे. नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे, १९६७ अखेर रंगभूमीवर आलेले. खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव उभे राहिले तेव्हा त्यांचे वय ४७ होते. चित्रपटाच्या अल्बममध्ये शंकर महादेवन, राहुल देशपांडे, महेश काळे असे समर्थ गळे आहेत, आणि तरुण मुलांना या संगीताकडे वळविण्याचे मोठे पुण्य त्याच्या खात्यावर जमा आहे. तरी जुन्या मुद्रणात पेटी आणि तबला हाताच्या अंतरावर बसल्यासारखे वाटतात. नव्यात सर्व काही झुंबराखाली घडते. माझी पसंती जुन्यालाच.

परंतु मला येथे वेगळीच गोष्ट सांगावयाची आहे. वसंतरावांना घराघरांत नेले ते या नाटकाने. म्हणजे कोणा राजाने नव्हे, पुरस्कार समितीनेही नव्हे, तर खिडकीवर पैसे मोजून तिकीट घेणाऱ्या माणसाने. जाणकारांच्या सभेत ज्या गाण्यावर वाद चालले, त्यावर पावती फाडली ती सामान्य प्रेक्षकाने.

दुसरा चित्रपट याच्या अगदी उलट टोकाचा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळविणारा हा मराठी चित्रपट पुढील वर्षी नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरूळकर नावाचा मुंबईचा तरुण शास्त्रीय गायनाला वाहून घेतो. गुरूंची सेवा करतो, रात्री मोटारसायकलवरून जाताना ‘माई’ नावाच्या थोर गायिकेची जुनी व्याख्याने कानात ऐकतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, आणि चित्रपट संपल्यावरही तो मनातून जात नाही. साधनेचा मार्ग कठोर असतो, पैसा आणि लोकमान्यता यांचा मोह टाळावा, असे माई सांगत राहतात. शरद ते अक्षरशः पाळतो. पोटासाठी जुनी ध्वनिमुद्रणे सीडीवर उतरवून विकतो, पुढे शाळेत गाणे शिकवितो. गळा मात्र बेताचाच राहतो. सगळे केले, आणि आले नाही.

हा चित्रपट सावकाश चालतो. एकेक दृश्य इतके थांबते की घरातील मंडळी एकामागून एक उठून गेली. मी उठलो नाही. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः गायक आहेत आणि शिक्षणाने सनदी लेखापाल. गुरूंच्या भूमिकेतील अरुण द्रविड हे किशोरी आमोणकरांच्या परंपरेतले गायक आणि व्यवसायाने रसायन अभियंता. ज्या चित्रपटात कलेवर संसार चालत नाही, त्याच्या पडद्यावरील गुरु-शिष्यांनी दुसरी विद्या हाती ठेवलेली असावी, याची गंमत वाटली.

शरदच्या अपयशाचे कारण त्याचा गळा, असे बहुतेक जण म्हणतील. मला आणखी एक कारण दिसले. त्याच्या गाण्याची वाट पाहणारे कोणी नाही. आजी आहे, गुरु आहेत, ध्वनिफितीतला आवाज आहे. समोरच्या खुर्च्यांवर मात्र मोजकी वयस्क माणसे. गायकाला आपले गाणे कुठे लटके पडते हे दाखवून देणारा खरा आरसा श्रोता असतो, आणि तो आरसाच त्याला लाभला नाही.

असा आरसा ज्यांना रोज रात्री लाभतो, असे कलावंत आपल्या शेजारीच आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजे देसाईगंज, आणि तेथील झाडीपट्टी रंगभूमी. नोकरीच्या काळात माझी काही वर्षे त्या भागात गेली. दिवाळीनंतर धान कापून घरात आले, हातात पैसा खुळखुळू लागला, की भाऊबीजेच्या मंडईपासून नाटकांचा हंगाम सुरू होतो तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील गावोगावी शेतात मंडप पडतो. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि पहाट होईस्तोवर नाटक चालते. गाणी नटांनी स्वतः, ऑर्गन-तबल्याच्या साथीत, समोरच म्हणायची. आवाज बसला तर मागच्या रांगेतून लगेच कळविले जाते.

यामागचा व्यवहार मोठा पाहण्यासारखा असतो. गावातील मंडळ वडशाला कंपनीच्या कार्यालयात येते, नाटक व तारीख ठरविते, ठरलेल्या रकमेपैकी काही विसार देते आणि उरलेल्याचा कागद होतो. मग गाव तिकिटे विकते. पाहुणे-रावळे येतात, सोयरिकी जुळतात. नफा उरला तर तो गावाच्या कामी लागतो, तोटा आला तर मंडळाने सोसावयाचा. नटाची रक्कम मात्र ठरलेली असते. कथानके भडक असतात, विनोद नेहमीच सोज्वळ नसतो, हे मान्य. तरी याच मातीतले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीला झाडीपट्टीचा पत्ता लागला. धान विकून आलेल्या शेतकऱ्याला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. आपल्यातील किराणा, कापड व भात गिरणीवाल्या अनेक घरांनी या हंगामात हात सैल सोडून तिकिटे घेतलेली मी पाहिली आहेत.

आणि तीच घरे आपल्या स्वतःच्या कार्यात काय करतात, हे येथे लिहिल्यावाचून राहवत नाही. विवाह असो, गृहप्रवेश असो, पर्युषणानंतरचा समारंभ वा भक्तिसंध्या असो. मंडपवाल्याचे बिल पूर्ण चुकते होते, आचाऱ्याला अर्धी रक्कम आगाऊ जाते, छायाचित्रकार व डीजेवाला यांच्याशी करार होतो. गाणाऱ्याला मात्र ‘आपलीच मुलगी आहे’ म्हणून बोलावतात. बोली बोलली की रक्कम तेथल्या तेथे भरणारा आपला समाज; शब्दाला मोल देणारा म्हणून बाजारात ओळखला जाणारा. त्याला गळ्याचे मोल विचारावेसे का वाटू नये?

आमच्या नात्यातील एक मुलगी विशारद झाली आहे. वाणिज्य शाखेची पदवीधर, वडिलांचे हार्डवेअरचे दुकान सांभाळून रियाज करणारी. गेल्या वर्षी एका कार्यात ती दोन तास स्तवने व नाट्यपदे गायली. तबलजी नागपूरहून आला होता. त्याचे भाडे आणि मानधन मुलीच्या वडिलांनी खिशातून दिले. यजमानांनी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. घड्याळ चांगले होते. त्याच कार्यात फुलांच्या कमानीवर जो खर्च झाला, त्यात तिचे वर्षभराचे शिक्षण झाले असते.

तिच्या वडिलांनी मला विचारले, ‘भाऊसाहेब, हिला गाण्यात पुढे जाऊ द्यावे की दुकानात पूर्ण वेळ घ्यावे?’ मी त्यांना वरील दोन्ही चित्रपट पाहावयास सांगितले, त्याच क्रमाने. दुकान सोडण्याचे कारण नाही. वसंतरावांनी कचेरी सोडली नव्हती तोवर गाणे अडले नव्हते. मात्र यापुढे निमंत्रण आले की आधी रक्कम ठरवावी, तबलजी व पेटीवाल्याची वेगळी लिहावी, आणि दुकानाच्या वहीत तिच्या नावाचे स्वतंत्र पान उघडावे. पाच वर्षांनी त्या पानाकडे पाहून पुन्हा बोलू. नुसती हौस म्हणून गायली तर तिलाही कळणार नाही, की लोक गाणे ऐकावयास येतात की जेवावयास.

त्यांना हे प्रथम अवघड वाटले. नात्यात पैसे कसे मागावे? मी म्हणालो, नात्यात सिमेंट फुकट देता का?

पान उघडले आहे. रक्कम सांगताच पहिल्या निमंत्रकांनी ‘कळवितो’ म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यांनी, वरोऱ्याच्या एका धान्य व्यापाऱ्यांनी, रीतसर घासाघीस केली, दोन हजार कमी करून घेतले, निम्मी रक्कम त्याच दिवशी खात्यावर पाठविली आणि विचारले, की मुलगी मारवा गाते का. कारण कार्यक्रम सायंकाळचा आहे.