पाटी एकाची, सांडपाणी दुसऱ्याचं

बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीला मिळतं आणि जांभूळच्या बंधाऱ्यावर एमआयडीसी ते उचलते. गावातल्या जलशुद्धीकरण केंद्रातून ते कारखान्यांना जातं, पार ठाण्यापर्यंतच्या नळांनाही जातं. हे केंद्र एक दिवस दुरुस्तीसाठी बंद राहिलं की दिवा-मुंब्र्यात हंडे बाहेर निघतात. या पाण्यासाठी धरणाची उंची वाढवली, तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या गावांना उठावं लागलं. कारखान्यात येणाऱ्या पाण्याचा हिशेब इतका चोख आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र कोणाच्या वहीत लिहायचा, यावर गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे.

या वादाचा धागा बहुराष्ट्रीय कंपन्यांपर्यंत जातो, आणि बहुराष्ट्रीय कंपनी अंबरनाथला नवी नाही. स्वीडिश मॅच या काडेपेटी कंपनीने १९२३ मध्ये ‘विम्को’ स्थापन केली आणि अंबरनाथला कारखाना काढला. परदेशी काडेपेट्यांवर सरकारने जकात वाढवली होती. मग माल इथेच बनवणं फायद्याचं ठरलं. समाजसेवेचा त्यात काही भाग नव्हता. स्वीडिश मॅचच्या साम्राज्याचा धनी इव्हार क्रूगर. देशोदेशींच्या सरकारांना कर्ज देऊन काडेपेटीचे मक्ते मिळवणारा हा गृहस्थ त्या काळचा आदर्श उद्योगपती मानला जाई. मार्च १९३२ मध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःला गोळी घालून घेतली आणि मग तिजोरीतले इटलीचे सरकारी रोखे खोटे निघाले. अंबरनाथच्या कारखान्याचा भोंगा त्यानंतरही कित्येक दशकं वाजत राहिला. म्हणून मोठ्या साहेबाच्या भाषणावरून कंपनीची नीतिमत्ता जोखायची नाही, असं मला वाटतं.

आज तर साहेब दिसतही नाही. विम्कोच्या फाटकावर निदान विम्कोची पाटी होती. आता बदलापूर-अंबरनाथच्या गाळ्यांत औषधांची, रंगांची कच्ची रसायनं बनतात. पाटी एखाद्या ‘केमिकल्स’ची असते, माल पुढे दोन-तीन हात बदलून कुठल्या मोठ्या नावाला लागतो ते कामगारालाही ठाऊक नसतं. त्या मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग किलोमागे भाव पाडत राहतो, आणि भाव पडला की छोटा कारखानदार पहिली काटछाट सांडपाण्याच्या खर्चात करतो. एक टँकर, एक अंधारी रात्र आणि जवळचा नाला. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनी नदीत असंच रसायन ओतलं गेलं आणि विषारी वायूने शेकडो माणसं रुग्णालयात पोहोचली. ‘वनशक्ती’ संस्था उल्हासच्या प्रदूषणाविरुद्ध हरित न्यायाधिकरणात गेली. २०१५ मध्ये सामायिक सांडपाणी प्रकल्पांना आणि पालिकांना कोट्यवधींचा दंड झाला. भाव पाडणाऱ्याचा मुद्दा अशा खटल्यात येतच नाही.

इथे कोणीतरी सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचं, नाव काढतंच. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. शाळेच्या भिंती रंगतात, झाडं लागतात, फोटो निघतात. वाईट काहीच नाही. पण त्याच नियमांत एक कलम आहे, जे वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांवर सहसा सापडत नाही: दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे आपलं सांडपाणी स्वच्छ करणं हे पुण्य नव्हे, देणं आहे. ते थकवून भिंत रंगवणाऱ्याला दानशूर म्हणू नये.

पुरवठादारांचं काय? सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना पुरवठा साखळीची पर्यावरणविषयक माहिती द्यायला सांगितलं होतं. पुढे तेही ऐच्छिक करून टाकलं. शिवाय मोजायचे ते फक्त एकूण खरेदीत दोन टक्के किंवा अधिक वाटा असलेले पुरवठादार. बदलापूरचा गाळा त्या चाळणीतून सहज खाली पडतो. जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांची जबाबदारी कायद्याने लावली, तर तिथल्या उद्योगांनी कागदपत्रांच्या ओझ्याची ओरड सुरू केली. ओरड अगदीच खोटी नाही. पण नायकेने २००५ मध्येच आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी जाहीर केली होती. बुटांचं जमतं, तर गोळ्या-औषधांचं का जमू नये?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरात आता घरोघरी डीमॅट खाती आहेत. औषध किंवा रंगाच्या एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीचा एक शेअर जरी तुमच्याकडे असेल, तरी वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि बहुतेक सभा हल्ली घरबसल्या ऑनलाइन असतात. यंदा लाभांशाबरोबर एवढं विचारा: ठाणे जिल्ह्यात तुमचा माल कोण बनवतं, आणि त्यांना दिलेल्या भावात सांडपाण्याचा खर्च धरला आहे का?