चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, म्हणून निर्धास्त राहू नका



"आपल्यात अंडंसुद्धा चालत नाही, मग कोलेस्टेरॉल येणार कुठून?" सफाळ्यात हे मी नेहमी ऐकते. आणि रिपोर्ट वाढीव आलाच, तर "पण चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे ना!" हा दिलासा ठरलेला. माझ्या मते ज्या घरात पन्नाशीच्या आत हृदयविकाराचे झटके आलेत, तिथे हा दिलासा धोक्याचा आहे.

बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. त्यातलं वाईट, म्हणजे एलडीएल, रक्तातून उचलायचं काम मुख्यतः यकृत करतं. साधारण अडीचशे माणसांत एकाला हे काम जनुकदोषामुळे जन्मापासून नीट जमत नाही. आई किंवा वडिलांत हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २००० साली भारतीय रुग्णांतले असे दोन जनुकीय बदल नोंदवले. म्हणजे हा काही परदेशातला आजार नाही.

चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, रक्तवाहिन्यांतलं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं. ते कमी असणं हा इशारा आहेच. पण जास्त असणं म्हणजे अभय नव्हे. एचडीएल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाची मोठी चाचणी २००६ साली थांबवावी लागली. एचडीएल वाढलं होतं, तरी औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले होते.

रिपोर्टमधला 'रेशो'ही फसवतो. समजा एकूण ३००, एलडीएल २१०, एचडीएल ७०. रेशो येतो ४.३, दिसायला ठीक. पण एलडीएल १९० च्या वर गेलं की आनुवंशिक दोषाची शंका घ्यायलाच हवी. पुण्याने पाप वजा होत नाही, दोघांचा हिशोब वेगळा, हे आपण पाठशाळेत शिकलोय. इथेही तसंच.

म्हणून आधी एलडीएलचा आकडा बघा. टाचेमागच्या शिरेवर, बोटांच्या सांध्यांवर गाठी आहेत का पाहा. घरात एकाला निघालं, तर भावंडांची आणि मुलांची तपासणी करा, मुलं दहा वर्षांची व्हायच्या आत. तेल-तूप बेताचं हवंच, पण या दोषात पथ्य एकटं पुरत नाही. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली, तर आयंबिल-उपवासातही त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

छातीत कळ आल्यावर इथून मुंबई गाठण्यापेक्षा, आजच सकाळी उपाशीपोटी रक्त देणं सोपं आहे.