पाऊस आला की धडधड
ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचं पाणी भंडाऱ्यात शिरलं, ओसरलंही. माझ्या मनातलं मात्र ओसरेना. सर आली की छातीत धडधड, रात्रभर जाग. घरचे म्हणत, ‘उगाच विचार करतेस.’ विचार काय कुणी मुद्दाम करतं का? शेवटी टेली-मानसला, १४४१६ वर, फोन केला. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. पुढे समुपदेशन घेतलं. पुन्हा पुन्हा खात्री करून घेतल्यानं भीती वाढते, हे तिथं कळलं. संध्याकाळचा चहा सोडला (हेच सगळ्यात जड गेलं!), पहाटे खांब तलावाकडे चालू लागले. धडधड अजून होते. पण नदीची पातळी आता एकदाच विचारते, नि कुकर लावते.