घड वाहणाऱ्या पायांची मोजणी व्हावी

रावेर-यावलकडे केळीची कापणी जोरात आली की माझ्याकडे गुडघे आणि पोटऱ्या दुखणारे मजूर वाढतात. खांद्यावर २०-२५ किलोंचा घड, पायाखाली ठिबकने ओली झालेली काळी माती. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी त्यांना तपासते ती मात्र पलंगावर झोपवून. दुखणं चालताना होतं, तर तपासणीही चालतानाच व्हायला हवी.

त्यासाठी ईएमजी, म्हणजे इलेक्ट्रोमायोग्राफी आहे. सुई न टोचता, कातडीवर चिकटवलेले इलेक्ट्रोड स्नायूंतले सूक्ष्म विद्युत संकेत टिपतात. नडगीचा स्नायू कधी जागा झाला, पोटरीने कधी जोर लावला, एक पाय दुसऱ्याचं काम ओढतोय का, हे पावलागणिक दिसतं. एकच भार धरून ठेवताना स्नायू थकत गेला की संकेताची वारंवारता घसरते. थकव्याचा अंदाज त्यावरून येतो. मात्र हा आलेख थेट ताकद सांगत नाही. घाम, चरबी आणि इलेक्ट्रोडची जागा यांनी तो बदलतो. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच पूर्ण जोराशी करावी लागते, आणि तिथे शिकलेले हात लागतात.

जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी बिनतारी ईएमजी संच घेऊन बागेच्या बांधावर यावं, ही माझी मागणी आहे. ओझं किती असावं, विश्रांती कधी द्यावी, हे त्या नोंदींच्या आधारे ठरवता येईल. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती केळी वाहणाऱ्या माणसांच्या पायांनाही तेवढंच मोल द्यायला हवं.