फुललेली छिन्नी

4 मार्च आला की कारखान्यांच्या फाटकांवर हिरवे झेंडे लागतात, कामगार रांगेत उभे राहून शपथ घेतात, घोषवाक्यांना बक्षिसं वाटली जातात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या 1966 मधल्या स्थापनेचा हा दिवस. पुढे आठवडाभर प्रेसचे गार्ड, क्रेनचे हूक, आगीचे बंब यांची तपासणी चालते. कामगाराच्या हत्यारांच्या पेटीत कुणी सहसा डोकावत नाही.

ती उघडून पाहावी. मार खाऊन खाऊन डोकं फुललेली, कडा बाहेर वळून चिरलेली एखादी छिन्नी हमखास सापडते. छिन्नीची धार पाणी देऊन कडक केलेली असते आणि डोकं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, त्यामुळे ते फुलणारच. त्यात कारागिराचा काही दोष नाही. पण त्या चिरलेल्या कडेवर घाव बसला की कपची छऱ्यासारखी उडते आणि चष्मा नसेल तर थेट डोळा गाठते. ग्राइंडरवर ती कड घासून काढायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. तेवढं करा म्हणून कुणी सांगत नाही, एवढंच.

शेजारी बिनमुठीची कानस असते, चिंधी गुंडाळलेली. कामात अडकली की तिचं मागचं अणकुचीदार टोक तळहातात घुसतं. त्याहून वाईट म्हणजे जुनी कानस घासून बनवलेली छिन्नी. कानशीचं पोलाद कडक तितकंच ठिसूळ. हातोड्याखाली ते तुटून उडतं. आपण याला जुगाड म्हणतो आणि वर कौतुकही करतो. पान्याला पाइप चढवून नट सोडवणं, सैल दांड्यात खिळा ठोकून हातोडा चालवणं, हे सगळं त्याच जातीचं.

आणि अपघात झाला की शेरा ठरलेला: कामगाराचा निष्काळजीपणा. कानशीला मूठ घेऊन द्यायची कुणी, हा प्रश्न त्या शेऱ्याखाली गाडला जातो. 1948 च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी 10 कामगारांची अट होती. महाराष्ट्राने ती 20 वर नेली आणि केंद्राच्या 2020 च्या संहितेनेही 20 च धरली. म्हणजे आठ-दहा जणांची शेड मुळात कारखानाच नाही. तिथे डोकावायला येणार कोण?

नुकसानीचा हिशोब मात्र कायद्याने चोख मांडून ठेवला. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टानुसार एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला, तर कमाईची ताकद 40 टक्के घटली. अख्खी तर्जनी गेली तर 14 टक्के. फिटरची तर्जनी आणि 14 टक्के! हे गणित मांडणाऱ्याने पाना कधी हातात धरला नसावा.

शेडमालकांना एकच सांगणं. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावता, झेंडू वाहता. यंदा आदल्या दिवशी पेटी जमिनीवर उपडी करा. फुललेलं घासा, सैल झालेल्याला नवा दांडा बसवा, कानशींना मुठी आणा, प्रत्येकाला चष्मा द्या. जे दुरुस्त होणार नाही ते भंगारात घाला, पण आधी त्याचे दोन तुकडे करा. नाहीतर दसऱ्यानंतर कुणीतरी तेच उचलून पुन्हा पेटीत ठेवतो.