बचावफळी गेल्यावर कुणाकडे बघायचं?

एप्रिल संपता संपता एनएफएलचा ड्राफ्ट होतो, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंची निवड करतात. त्या आठवड्यात आमच्या अथेन्स गावात किराण्याच्या रांगेत, केस कापायच्या खुर्चीत, ऑफिसात सगळीकडे एकच विषय असतो: बचावफळीतले किती गेले आणि आता सप्टेंबरमध्ये आपलं कसं होणार? हे अथेन्स अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं, अटलांटाहून दीडेक तासावरचं. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि जॉर्जिया विद्यापीठाच्या सॅनफर्ड स्टेडियममध्ये माणसं मावतात ९२ हजारांहून जास्त. सामन्याच्या शनिवारी गावात दुसरं काही घडतच नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा. कॉलेजात कबड्डी खेळायचो, उजव्या कोपऱ्यात. नोकरीनिमित्त इथे आलो तेव्हा हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्या या खेळातलं मला काही कळत नव्हतं. हळूहळू कळायला लागलं ते बचावापासूनच, कारण तिथे मला माझा खेळ दिसला. चढाईपटू एकटाही सामना फिरवू शकतो. पकड मात्र एकट्याची नसते. कोपऱ्याने घोट्याला हात घातला आणि शेजारचा मध्यरक्षक अर्धा क्षण उशिरा आला, तर चढाईपटू निसटलाच. ही वेळ साधणं शिकवून येत नाही, वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून येतं. इथल्या फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. बॉल सुटण्याआधीच्या काही सेकंदांत बचावाच्या अकरा जणांनी समोरची मांडणी ओळखायची, एकमेकांना ओरडून सांगायचं, जागा बदलायच्या. एकाने चुकीचं ऐकलं तर मागे मोकळं मैदान पडतं. म्हणून अनुभवी बचावपटू गेले की लोक घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही.

पण कोण गेलं याची यादी काढून पुढचा मोसम सांगता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. माझ्या डोळ्यांसमोर दोन उदाहरणं आहेत, दोन्ही जॉर्जियाचा संघ ज्या विभागात, म्हणजे कॉलेजांच्या ज्या गटात खेळतो त्यातली.

पहिलं लुइझियाना स्टेटचं, म्हणजे एलएसयूचं. २०१९ च्या मोसमात या संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मग ड्राफ्टमध्ये त्यांचे १४ खेळाडू गेले. बचावातले पॅट्रिक क्वीन, केलाव्हॉन चेसन, ग्रँट डेल्पिट, क्रिस्टियन फुल्टन हे सगळे त्यात. बचावाचे प्रशिक्षक डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. त्यांच्या जागी आलेल्या बो पेलिनी यांनी बचावाची मांडणीच बदलली. त्यात कोविड आला, वसंतातला सराव बुडाला आणि काही खेळाडूंनी त्या मोसमात न खेळण्याचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२० मधल्या पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूने, त्यांच्याविरुद्ध ६२३ यार्डांचे पास फेकले, आमच्या विभागाचा हा विक्रम. एलएसयू ३४-४४ असा हरला आणि तो मोसम त्यांनी ५ विजय, ५ पराभवांवर संपवला.

दुसरं उदाहरण आमचंच. जानेवारी २०२२ मध्ये इंडियानापोलिसला जॉर्जियाने अलाबामाला ३३-१८ असं हरवलं आणि १९८० नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या मोसमातल्या बचावाने सामन्यामागे सरासरी जेमतेम दहा गुण दिले होते. ड्राफ्टमध्ये ट्रॅव्हन वॉकर अगदी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्यामागोमाग जॉर्डन डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्हॉन्टे वायट, लुइस सीन. पहिल्याच फेरीत एकाच कॉलेजचे पाच बचावपटू, असं आधी कधी झालं नव्हतं. नकोबी डीन तिसऱ्या फेरीत गेला. तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा होता आणि मैदानावर बचावाच्या हाका तोच द्यायचा. मला सगळ्यात मोठं नुकसान त्याचं वाटलं होतं. बचावाचे प्रशिक्षक डॅन लॅनिंगही ऑरेगन विद्यापीठाकडे निघून गेले. म्हणजे कागदावर एलएसयूइतकंच नुकसान, कदाचित जास्तच.

आणि ३ सप्टेंबर २०२२ ला अटलांटात पहिला सामना आला तो नेमका लॅनिंग यांच्या ऑरेगनशी. जॉर्जियाने तो ४९-३ असा जिंकला. मलाकी स्टार्क्स नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने आयुष्यातल्या पहिल्याच कॉलेज सामन्यात झेपावून पास हिसकावला. त्या मोसमात जॉर्जिया पंधराच्या पंधरा सामने जिंकला आणि अंतिम सामन्यात टीसीयू विद्यापीठाला ६५-७ असं हरवलं.

हा फरक आला कुठून? त्याचं उत्तर २०२२ मध्ये नाही, २०२१ मध्ये आहे. त्या वर्षी जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक कर्बी स्मार्ट बचावात सतत माणसं बदलत राहायचे. दीडशे किलोंवरचा जॉर्डन डेव्हिस थोडे डाव खेळून बाहेर यायचा आणि जॅलन कार्टर आत जायचा. व्हँडरबिल्टविरुद्ध ६२-०, आर्कन्सॉविरुद्ध ३७-० असे एकतर्फी सामने लागले की दुसरी फळी मैदानात दिसायची. प्रेक्षक तोवर उठून निघालेले असायचे. पण जेमन डुमास-जॉन्सन आणि स्माएल मॉन्डन हे पुढच्या वर्षीचे लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या ओळीतले खेळाडू, तेव्हाच भिडूच्या बोलण्याची सवय करून घेत होते. लॅनिंग गेल्यावर नवा माणूसही बाहेरून आणला नाही. ग्लेन शूमन २०१६ पासून स्मार्ट यांच्याबरोबर होते, विल मुशँपही आधीच प्रशिक्षकांच्या ताफ्यात होते. त्यामुळे हाका त्याच राहिल्या, देणारे बदलले.

अनुभवाची उणीव अजिबात जाणवली नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सरासरी दहा गुणांवरून चौदांवर गेली. विभागाच्या अंतिम सामन्यात एलएसयूने ३० गुण केले, उपांत्य फेरीत ओहायो स्टेटने ४१. तो सामना ४२-४१ असा सुटला, तोही ओहायोची शेवटची किक चुकली म्हणून. लांब पास आला की मागची पोरं एकमेकांकडे बघायची, आणि मागच्या वर्षी हे दिसत नव्हतं. पण नोव्हेंबरात क्रमवारीत अव्वल असलेला टेनेसीचा संघ आमच्या मैदानावर आला, त्या सामन्यात मी वरच्या सज्जात होतो. उत्तरार्धात पाऊस लागला तरी कुणी जागचं हललं नाही. आरडाओरड्यात टेनेसीच्या खेळाडूंना स्वतःच्या क्वार्टरबॅकचा आवाज ऐकू येईना, आणि आमचे नवखे अकरा मात्र नुसत्या हातवाऱ्यांवर जागा बदलत होते. जॉर्जिया २७-१३ ने जिंकला. ती समज ऐन मोसमात येत नाही. ती आधीच्या वर्षी राखीव बाकावरून येते.

म्हणूनच आज मला काळजी वाटते ती गेलेल्यांची नाही, थांबणाऱ्यांची वाटते. २०२१ पासून खेळाडूला एकदा वर्ष न गमावता कॉलेज बदलता येऊ लागलं. त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावायची मुभा मिळाली. २०२४ मध्ये तर अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा बदला, असं झालं. आता २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर एकेक विद्यापीठ खेळाडूंमध्ये वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर वाटू शकतं. खेळाडूंना पैसे मिळाले हे योग्यच झालं. प्रशिक्षक करार मोडून हव्या त्या गावी जाणार, विद्यापीठं टीव्हीच्या करारांतून कमावणार आणि गुडघे मोडून घेणाऱ्या पोराला फक्त शिष्यवृत्ती, हा अन्याय होता. पण त्याबरोबर दुसऱ्या फळीत दोन वर्षं काढण्याचं कारणच उरलेलं नाही. बेअर अलेक्झांडर हा त्या २०२२ च्या संघातला पहिल्या वर्षाचा धिप्पाड खेळाडू, तो यूएससी विद्यापीठात गेला आणि तिथून ऑरेगनला. ज्याचं उदाहरण मी वर दिलं तो डुमास-जॉन्सनसुद्धा पुढे केंटकीला गेला. त्या पोरांना मी नावं ठेवत नाही. पण अशा रीतीने बाकच रिकामा होऊ लागला, तर अनुभवी बचावपटू गेल्यावर उभं करायला प्रशिक्षकाच्या हाताशी कुणी राहणार नाही. मग दरवर्षी बाजारातून अकरा चांगले खेळाडू आणायचे आणि ते एकमेकांची भाषा शिकेपर्यंत ऑक्टोबर उजाडायचा.

मला वाटतं, याला उपाय आहे, आणि तो बंदी घालण्याचा नाही. वाटायचे पैसे आहेतच, तर ते राहण्याला जोडा. खेळाडूशी दोन-तीन वर्षांचा करार करा. तिसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा भरघोस रक्कम द्या आणि पदवी पूर्ण केली तर वेगळी. प्रशिक्षक मध्येच सोडून गेला तर खेळाडूलाही मोकळीक असू द्या. खेळाडूंची संघटना असावी आणि तिने हे करार ठरवावेत, म्हणजे कोवळ्या पोराच्या गळ्यात दलालाने काहीही बांधायला नको. आणि प्रशिक्षकांनी ४० गुणांनी पुढे असताना पहिली फळी बाहेर काढायचं धाडस दाखवावं. बाकावरच्या पोराला थांबायला पैशापेक्षाही ते मोठं कारण ठरतं.

आमच्याकडे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पुन्हा तेच झालं. मायकेल विल्यम्स, जेलन वॉकर आणि तोच मलाकी स्टार्क्स, असे तीन बचावपटू पहिल्या फेरीत गेले. तरी त्या डिसेंबरात विभागाच्या अंतिम सामन्यात अलाबामाला फक्त सात गुण करता आले. म्हणजे आमची दुसरी फळी अजून तग धरून आहे. पुढच्या मोसमाचं काय, असं शेजारी विचारतात तेव्हा मी त्यांना सांगतो की ड्राफ्टची यादी बाजूला ठेवा. सप्टेंबरमधल्या सोप्या सामन्यांत तिसऱ्या सत्रानंतर घरी जाऊ नका. कोण आत येतंय, ते मागच्या वर्षीही याच बाकावर होते का, आणि बॉल सुटण्याआधी त्यांच्यातला कोण बोलतोय, तेवढं बघा.